ओरडू नका, ऐकू येतंय!

एनएसएस घेण्यामागे माझा काही उदात्त वगैरे हेतू होता, असा कुणाचा गैरसमज नको! वर्षाला १२० तास भरायचे, डायरीवर सह्या घ्यायच्या, दोन वर्षांनी सर्टिफिकेट मिळालं की बायोडेटात एक ओळ वाढते, इतका साधा हिशोब. वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, ग्रामस्वच्छता अशा यादीत एक ओळ होती, 'वृद्धाश्रम, दर रविवारी सकाळी'. उन्हात खड्डे खणण्यापेक्षा पंख्याखाली बसून गप्पा मारणं बरं, असं म्हणून आम्ही पाच जणांनी तिथे नाव दिलं.

आणि हो, आधीच सांगून ठेवते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी होतं, पण 'लोअर' मराठी. आमच्या विंगमध्ये माझ्या मराठीवर रोज एक तरी जोक होतोच. तेव्हा या लेखात शुद्धलेखन चुकलेलं दिसलं तर समजून घ्या, आणि बरोबर दिसलं तर ती संपादकांची कृपा!

तर हा वृद्धाश्रम कॉलेजपासून वडापने वीस मिनिटांवर. २८ आजी-आजोबा, चार मदतनीस मावशी, एक स्वयंपाकाच्या काकू आणि एक सिस्टर. सिस्टर आधी मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूला होत्या. तिथून इथे का आलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तिथं पेशंटचं काय चाललंय ते मशीन सांगायचं. इथं ते मलाच शोधून काढावं लागतं."

या २८ जणांपैकी निम्म्याहून जास्त जणांना कमी ऐकू येतं किंवा कमी दिसतं. सहा जणांना दोन्ही. हे 'दोन्ही' फार वाईट. ज्याला कमी ऐकू येतं तो ओठांकडे, चेहऱ्याकडे बघून निम्मं बोलणं भरून काढतो. ज्याला कमी दिसतं तो पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखतो. एक इंद्रिय दुसऱ्याला सांभाळून घेतं. दोन्ही दमली की सांभाळून घ्यायला कुणी उरत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर मेन लाइनही गेली आणि जनरेटरही बंद!

पहिल्या रविवारी आम्ही धडाधड हॉलमध्ये शिरणार, एवढ्यात सिस्टरांनी दारातच अडवलं. "आधी इथं उभं राहा आणि बघा." समोर एक आजी खुर्चीत चहा पीत बसल्या होत्या. एक नवीन मावशी मागून आल्या आणि खुर्ची सरकवायला म्हणून त्यांनी आजींचा खांदा धरला. आजी अशा दचकल्या की सगळा चहा साडीवर! वर त्यांनी मावशींचा हात जोरात झिडकारला. "बघा की, कशा अंगावर येत्यात," मावशी म्हणाल्या. सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्या समोरून गेल्या, आजींच्या उंचीला वाकल्या, दंडावर हलकेच हात ठेवून थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "आजी, मी सिस्टर. चहा सांडलाय. पुसते हं." आजींनी स्वतःहून हात पुढे केला.

हाच आमचा पहिला तास. सिस्टरांचे नियम अगदी साधे आहेत. मागून हात लावायचा नाही. जवळ गेल्यावर आधी स्वतःचं नाव सांगायचं, 'ओळखा पाहू मी कोण' हा खेळ इथे बंद. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असं उभं राहायचं, खिडकीकडे पाठ करायची नाही. काय करणार ते आधी सांगायचं आणि मगच करायचं. आणि जाताना 'मी निघाले' म्हणायचं, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो. प्रत्येक पलंगावर एक पुठ्ठा लावलेला असतो, 'उजवा कान', 'समोरून या', 'कडेने या' असं मोठ्या काळ्या अक्षरांत लिहिलेला. एवढं सगळं करायला वेळ किती लागतो? मी मोजलाय. दहा सेकंद.

आता शीर्षकाबद्दल. आश्रमात एक मास्तर आहेत, प्राथमिक शाळेत आयुष्य काढलेले. आमच्या ग्रुपमधला मेकॅनिकलचा मित्र वर्कशॉपच्या सवयीने त्यांच्या कानाशी जाऊन बोंबलला, "मास्तर, नमस्कार!!!" मास्तरांनी कानावर हात ठेवला आणि म्हणाले, "ओरडू नका, ऐकू येतंय! कळत नाही एवढंच."

हे वाक्य मला आठवडाभर सुचू देईना. ऐकू येतंय पण कळत नाही, म्हणजे काय? मी ई अँड टीसीची, तेव्हा फ्रिक्वेन्सीकडे वळणं आलंच. आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक अवयव असतो, त्यात बारीक केशपेशी असतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी अगदी सुरुवातीला, खालच्या पट्टीच्या आत खोलवर. म्हातारपणी आधी जातात त्या सुरुवातीच्या, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आता बोलण्याकडे बघा. 'आ'सारख्या स्वराची बरीचशी ताकद १००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असते. 'स'ची मात्र ४००० हर्ट्झच्या वर. म्हणजे स्वर पोचतात आणि व्यंजनं गळतात! तुम्ही 'भात' म्हणा, 'हात' म्हणा, 'सात' म्हणा नाहीतर 'खात' म्हणा, मास्तरांना त्यातलं 'आत' तेवढं मिळतं. पुढचं कोडं ते संदर्भावरून सोडवतात. आणि सोडवताना चुकले की आपण काय म्हणतो? 'विचारलं एक, सांगितलं भलतंच.'

मग ओरडून काय होतं? ओरडताना वाढतो तो मुख्यतः स्वरांचा आवाज, जो त्यांना आधीच मिळत होता. 'स' होता तिथेच राहतो. शिवाय अशा कानांची डायनॅमिक रेंज आखडलेली असते. हळू आवाज मुळीच ऐकू येत नाही, आणि थोडा वाढवला की एकदम दणका बसतो. म्हणून 'जरा मोठ्याने बोला' आणि 'ओरडू नका' ही दोन वाक्यं एकाच मिनिटात एकाच तोंडून येऊ शकतात, आणि दोन्ही खरी असतात. त्यावर सिस्टरांचा उपाय असा: पंखा कमी करा, टीव्ही बंद करा, समोर बसा, आवाज चढवू नका, उलट थोडा खाली आणा, आणि वाक्य तोडून बोला. नाही कळलं तर तेच शब्द पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. सिग्नल वाढवता येत नसेल तर नॉईज कमी करा! हे आम्ही एका सेमिस्टरमध्ये शिकलो, त्या रोज करतात.

'मग मशीन लावा की कानाला', असं तुम्ही म्हणाल. लावलंय! पण चष्म्यासारखं लावलं आणि झालं, असं श्रवणयंत्राचं नसतं. रोज सकाळी अंघोळी आटोपल्या की सिस्टर एक ट्रे घेऊन फिरतात. प्रत्येक यंत्र मऊ कापडाने पुसायचं, नळीत मळ अडकलाय का बघायचं, बॅटरी तपासायची, मग बरोबर कानात बरोबर यंत्र बसवायचं. बॅटऱ्या झिंक-एअर जातीच्या. १३ नंबरला नारिंगी स्टिकर, ६७५ला निळं. स्टिकर काढलं की हवा आत शिरते आणि बॅटरी जागी होते. एकदा जागी झाली की वापरा न वापरा, ती संपतच जाते. त्यामुळे आधीच स्टिकर काढून ठेवायचं नाही, आणि काढल्यावर मिनिटभर थांबून मगच आत घालायची. रात्री यंत्रं सिलिका जेलच्या डबीत, म्हणजे घामाचा दमटपणा निघतो. हा ट्रे एक दिवस फिरला नाही तर त्या दिवशी निम्मा हॉल बहिरा!

याच मास्तरांमुळे माझ्या लोअर मराठीला एकदम भाव आला. त्यांना रोजचा पेपर वाचून हवा असतो. आमच्यातले बाकीचे फाडफाड वाचतात. मी मात्र पुढे कुठलं जोडाक्षर दबा धरून बसलंय या भीतीने एकेक शब्द सुटा करून वाचते, स्वल्पविराम आला की हुश्श करून थांबते. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी जाहीर केलं, "पेपर ही पोरगीच वाचेल. हिचं वाचलेलं समजतं." सगळे हसले, मीही हसले. पण सिस्टर म्हणाल्या की ते खरंच आहे. अर्धवट ऐकलेला शब्द मेंदूला जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ माझ्या अडखळण्यात मिळतो. तेव्हापासून 'अर्थसंकल्प', 'अवर्षणग्रस्त', 'अविश्वासदर्शक' असे शब्द मी छाती पुढे काढून वाचते. विंगमधल्या मुलींनी नोंद घ्यावी!

कानांचं झालं, आता डोळे. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेडच पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट पडतं. म्हणजे आपल्याला लख्ख वाटणारी खोली त्यांना संध्याकाळसारखी. हे झालं निरोगी डोळ्याचं. त्यावर मोतीबिंदू आला की सगळंच धुकट, पण तो ऑपरेशनने जातो. काचबिंदूत कडेचं दिसणं जातं आणि गेलेलं परत येत नाही. अशा आजोबांना मधलं दिसतं, पण बाजूने आलेला माणूस एकदम 'उगवतो'. पडद्याचा मधला भाग खराब झाला तर नेमकं उलटं, कडेचं दिसतं पण ज्याच्याकडे बघावं तोच गायब. पुठ्ठ्यावरच्या 'समोरून या' आणि 'कडेने या'चा अर्थ मला तेव्हा लागला. आजी तोंड फिरवून बसल्या की आपल्याला वाटतं रुसल्या. त्या खरं तर आपल्याला बघत असतात!

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जेवणाची. एक आजोबा अर्धा भात ताटात टाकून उठायचे. भूक नाही, असं सगळे म्हणायचे. सिस्टरांनी पांढरं मेलामाइनचं ताट बदलून गडद निळं दिलं आणि भात संपायला लागला. पांढऱ्यावर पांढरं, त्यात ताकभात, दिसणार काय? तसाच पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारला. खर्च अगदी किरकोळ. आणि ताटात काय कुठे आहे ते कसं सांगायचं? परदेशात म्हणे घड्याळाप्रमाणे सांगतात, बटाटा तीनवर, मटार नऊवर वगैरे. आमच्या सिस्टरांना घड्याळाची गरजच पडली नाही. आपल्या पंगतीचं ताट म्हणजे तयार नकाशा! वर मधोमध मीठ, शेजारी लिंबू, डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. जन्मभर हेच ताट जेवलेल्या माणसाला काही सांगावंच लागत नाही. फक्त वाढणाऱ्याने वाटेल तिथे वाढायचं नाही. काकूंना सिस्टरांची ताकीद आहे, "डावं उजवीकडे गेलं तर त्यांना शोधत बसावं लागतं, आणि चारचौघांत ताट चाचपडायची लाज वाटते म्हणून ती माणसं उपाशी उठतात."

आता त्या चहावाल्या आजींबद्दल. वय ८४, दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध खराब, उजवा कान पूर्ण गेलेला, डाव्या कानात यंत्र. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मावशींचं मत पक्कं होतं, "त्यास्नी आता काय कळंना झालंय." मुलालाही फोनवर कुणीतरी 'भ्रमिष्ट झाल्यात' असं सांगितलेलं. त्यांना दुसरीकडे कुठे हलवावं का, असं बोलणं सुरू होतं. सिस्टर मात्र म्हणायच्या, "न कळणं वेगळं आणि न कळवणं वेगळं." अंघोळीला नेताना आजी हात झिडकारायच्या. सिस्टरांनी एवढंच केलं, की आधी आजींच्या हातात टॉवेल द्यायचा. टॉवेल म्हणजे अंघोळ, वाटी म्हणजे जेवण, काठी म्हणजे अंगणात फेरी. आठवड्याभरात झिडकारणं थांबलं.

आजींची आणि माझी गट्टी जमली. मी त्यांच्या डाव्या कानाशी बसायची आणि त्या माझं मनगट धरून ठेवायच्या. एका रविवारी त्यांनी मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, कुणाला सांगू नको. संध्याकाळी त्या भिंतीपाशी बारकी पोरं येऊन उभी राहतात. टोप्या घातलेली. सांगितलंस तर मला येरवड्याला धाडतील."

माझ्या पोटात गोळा आला. सांगावं तर त्यांचा विश्वास मोडणार. न सांगावं, आणि खरंच काही आजार असला तर? तो अख्खा आठवडा माझा लेक्चरला असून नसल्यासारखा गेला. पुढच्या रविवारी मी त्यांना म्हटलं, "आजी, मी सांगणार नाही. तुम्हीच सिस्टरांना सांगा. मी शेजारी बसते." बराच वेळ त्या गप्प होत्या. मग मान हलवली.

सिस्टरांनी हसू दाखवलं नाही की काळजीही. फक्त विचारलं, "ती पोरं काही बोलतात का?" "नाही." "तुम्हाला ती खरी वाटतात?" आजी चक्क वैतागल्या, "खरी कुठली! खरी असती तर एवढी गप्प उभी राहिली असती होय?"

सिस्टरांनी मनाने काही ठरवलं नाही. आधी चालू औषधांची यादी काढली, लघवी तपासायला पाठवली, कारण औषधांनी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानेही म्हाताऱ्या माणसांना भास होतात. त्यात काही निघालं नाही. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, शार्ल बोने सिंड्रोम. बोने हा स्वित्झर्लंडचा निसर्गशास्त्रज्ञ. त्याच्या आजोबांना मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं होतं, आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या. डोकं मात्र एकदम ठणठणीत. बोनेने हे १७६० साली लिहून ठेवलं. डोळ्यांकडून येणारं चित्र कमी झालं की मेंदूचा चित्रं बघणारा भाग स्वतःच चित्रं काढत बसतो. इनपुट न जोडलेला अँप्लिफायर जसा आपला आपणच गुणगुणतो, तसंच! हे वेड नव्हे. पोरं दिसली की दिवा लावायचा, नजर इकडून तिकडे फिरवायची, बहुतेक वेळा ती निघून जातात.

आजींना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "येऊ देत मग. चहा तर मागत नाहीत." किती महिने ही बाई एकटी, रोज संध्याकाळी, येरवड्याच्या भीतीने भिंतीकडे पाठ करून बसत होती, कुणास ठाऊक. मुलगा पुढच्या महिन्यात आला. सिस्टरांनी त्यालाही दारातच अडवलं आणि म्हणाल्या, "आधी इथं उभं राहा आणि बघा." आता दुसरीकडे हलवण्याचा विषय निघत नाही.

मला यातून एकच गोष्ट पटली. 'हट्टी', 'चिडकी', 'भ्रमिष्ट' ही लेबलं लावण्याआधी त्या माणसापर्यंत माहिती पोचतेय का, हे बघायला हवं. लॅन्सेट कमिशनच्या २०२४च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्यासारख्या गोष्टींत कमी ऐकू येणं आणि उपचार न केलेली कमी दृष्टी, दोन्ही धरली आहेत. म्हणजे कान-डोळ्यांची काळजी घेणं हे वरवरचं काम नाही. सिस्टर दिवसभर जे करतात, ते काही फार मोठ्या मशीनचं काम नसतं. चष्मा पुसणं, बॅटरी बदलणं, नाव सांगणं, टॉवेल हातात देणं. पण तेवढ्यावर एक माणूस स्वतःच्या आयुष्यात हजर राहतो.

माझी स्वतःची आजी गावी असते. तिच्याशी फोनवर बोलणं अलीकडे 'जेवलीस का', 'हो', 'बरं ठेवते' इतक्यावर आलं होतं. टेलिफोनच्या जुन्या पद्धतीत ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पाठवायचे, हे मी परीक्षेत लिहून आले होते. तिचा 'स' त्यातच अडकत असणार! आता मी व्हिडिओ कॉल करते. कॉरिडॉरमध्ये न जाता खोलीत, दिव्याकडे तोंड करून, सावकाश. परवा आम्ही चाळीस मिनिटं बोललो. तिने मला लसणाच्या चटणीची अख्खी कृती सांगितली आणि शेवटी विचारलं, "तुझं मराठी कुणी सुधारलं गं?"

तर मित्रांनो, आज रात्री मेसनंतर घरी फोन लावाल तेव्हा आजी-आजोबांना समोर बसवा, तुमच्या चेहऱ्यावर उजेड घ्या, आणि त्यांनी 'काय?' म्हटलं की 'जाऊ दे, काही नाही' असं म्हणू नका. त्यांना सगळ्यात जास्त लागतं ते हेच वाक्य. आणि रविवारी सकाळी ९ वाजता आम्ही मेन गेटपाशी वडापची वाट बघत उभे असतो. माझे १२० तास कधीच भरलेत. मास्तरांना पेपर वाचणारं आणखी कुणीतरी हवंय. अडखळत वाचणाऱ्यांना प्राधान्य!